सम तारीख, विषम तारीख

अण्णांच्या पत्र्याच्या डब्यात एक कागद आहे. फुलस्केपचा पाव तुकडा, चार घड्या घातलेला, वरच्या कोपऱ्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात 'नक्कल' असा शब्द. अण्णा, माझे वडील, आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकून होते. हातातून जाणारा कुठलाही कागद ते आधी उतरवून घेत आणि मगच सोडत. ही नक्कल वाहतूक हवालदाराने दिलेल्या पावतीची. स्कूटरचा नंबर, जागा नारायण पेठ, महिना सप्टेंबर, साल १९९१, गुन्हा विषम तारखेस सम तारखेच्या बाजूला वाहन उभे करणे, लायसन जमा. मागच्या बाजूला पेन्सिलीने तीन तारखा लिहिल्या आहेत आणि तिसरीपुढे बरोबरची खूण आहे.

२०२४च्या दिवाळीआधी मी हा डबा पुन्हा उघडला, त्याला कारण माझ्या गाडीवर निघालेलं एक चलान. त्याच गुन्ह्याचं. मध्ये तेहेतीस वर्षं गेली होती.

पुण्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला वाहतूक पोलीस पहिल्यांदा भेटला तो सायकलवर. लहानपणी आमच्या वाड्याच्या बोळात भिंतीला टेकून पंधरा-वीस सायकली उभ्या असायच्या. सायकलला महापालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट दिसलात की शिट्टी वाजे. शिक्षा काय, तर हवा सोडणं. हवालदार खाली वाकायचा, व्हॉल्वची टोपी फिरवायचा आणि चाक 'फुस्स' करून बसायचं. मग पुढचा रस्ता सायकल हातात धरून. माझ्या मोठ्या भावाच्या सायकलची हवा एकदा टिळक रस्त्यावर सोडली होती. तो घरी पोचेपर्यंत अण्णांना बातमी कळलेली होती, कारण बघणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे होते. दंड तिथल्या तिथे झाला आणि तिथल्या तिथे संपला. त्याचा पाठलाग कुठल्या कागदाने केला नाही.

मग स्कूटर आली. नंबर लावून अनेक वर्षं वाट पाहिल्यावर मिळालेली बजाज चेतक. तिच्या शिलकी चाकाच्या कव्हरवर आईने क्रोशाचं कापड घातलं होतं, इतकी ती घरातली होती. पेठेतले रस्ते तेव्हाही अरुंदच होते. एका दिवशी या बाजूला, दुसऱ्या दिवशी त्या बाजूला, असा नियम पाट्या लावून सांगितलेला असायचा. पी-१ आणि पी-२. पुण्यात सकाळी दूध आणायला निघालेला माणूससुद्धा आधी आजची तारीख आठवायचा, मग स्कूटर लावायचा. आमच्याकडे कालनिर्णय दाराशेजारी टांगलेलं होतं, ते एकादशी बघायला जितकं उपयोगी पडे तितकंच यालाही.

त्या सप्टेंबरात गणपतीचे दिवस होते. नारायण पेठेतल्या एका मंडळाच्या मांडवाचं कापड रस्त्याच्या कडेच्या खांबावरून ताणून बांधलं होतं आणि पी-१, पी-२ची पाटी त्या कापडाआड गेली होती. अण्णा औषधाच्या दुकानात शिरले आणि बाहेर आले तेव्हा हवालदार स्कूटरच्या सीटवर पावतीपुस्तक ठेवून लिहीत होता. अण्णांनी कापड उचलून पाटी दाखवली. हवालदार म्हणाला, तुम्ही इथलेच, तुम्हाला पाटी कशाला लागते. अण्णा म्हणाले, मी इथला आहे म्हणून गुन्हा ठरतो का? आवाज चढले. शेवटी अण्णा म्हणाले ते वाक्य आमच्या घरात नंतर वर्षानुवर्षं म्हटलं गेलं: "पन्नास रुपये देत नाही, लायसन घ्या आणि कोर्टात पाठवा."

या वाक्यामागे कायदा होता, आणि तो अण्णांना ठाऊक होता. १९८८चा मोटार वाहन कायदा १९८९च्या जुलैत लागू झाला. त्याच्या १७७व्या कलमात अशा किरकोळ गुन्ह्याला पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड होता. पण रस्त्यावर पोलीस घेतो तो दंड नव्हे, ती २००व्या कलमाखालची तडजोड. तुम्ही गुन्हा मान्य केला, पैसे भरले, विषय मिटला. मान्य नसेल तर गुन्हेगार ठरवायचा अधिकार फक्त न्यायालयाचा. पोलिसाने लायसन ठेवून घेतलं तर त्याने पावती द्यायची आणि ती पावती दाखवून गाडी चालवता यायची. दंडाची रक्कम सोडली तर हे सगळं आजही असंच आहे. फक्त आज चलानाच्या पडद्यावर 'तडजोड रक्कम' हे दोन शब्द वाचून कोणी थांबत नाही. तडजोडीला दोन माणसं लागतात, हे त्या शब्दातच आहे.

अण्णा तीन तारखांना मोटार कोर्टात गेले. तीन अर्ध्या रजा. ऑफिसातले हसले, आई चिडली, आजी म्हणाली शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पहिल्या दोन तारखांना काही झालं नाही. तिसऱ्या तारखेला हवालदार साक्षीला उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, पाटी दिसत होती का? अण्णा सांगत की तो माणूस दोन क्षण गप्प राहिला, त्याने अण्णांकडे बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, मांडवाच्या कापडाआड होती. यांनी कापड वर करून दाखवली तेव्हा दिसली." एवढंच. केस निकाली निघाली. बाहेर आल्यावर अण्णांनी त्याला चहा पाजला आणि पुढे कित्येक वर्षं चौकात तो दिसला की दोघं हात वर करीत.

मला ही गोष्ट गोड करून सांगायची नाही. तेव्हाचं सगळं असं नव्हतं. 'पावती फाडू की असंच मिटवता' हा प्रश्न तेव्हा प्रत्येक चौकात ऐकू यायचा आणि बहुतेक लोक असंच मिटवायचे. अण्णा पांढरपेशे होते, कायद्याची कलमं सांगू शकत होते, अर्धी रजा काढू शकत होते. मंडईत माल उतरवणारा टेंपोवाला हे करू शकत नव्हता. त्याला तिथे उभं राहण्याचेच पैसे पडायचे. ओळख सांगून सुटणारे होते, आवाज चढवून सुटणारे होते आणि गप्प उभं राहून दुप्पट देणारे होते. आज पोलिसाच्या हातातल्या मशीनमध्ये गाडीचा नंबर, वेळ, जागा आणि फोटो जातो, रक्कम ठरलेली असते, घासाघीस होत नाही. महाराष्ट्रभर ही पद्धत गेल्या दहा वर्षांत पसरली आणि तिने चौकातली ती घाण बरीच कमी केली. माझ्यासारख्या बाईला भर रस्त्यात कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही, हेही मला मोलाचं वाटतं.

पण माझ्या चलानाचं काय झालं ते सांगते.

डिसेंबर २०२२मध्ये भाचीचं लग्न होतं, दुसऱ्या एका शहरात. नवरीची गाडी म्हणून आमचीच गाडी सजवली होती. कार्यालयासमोर गाडी लावली, लग्न लागलं, जेवणं झाली, संध्याकाळी परत निघालो. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं त्या दिवसाची आठवण म्हणजे फक्त अल्बम. २०२४मध्ये गाडी विकायला काढली आणि एजंट म्हणाला, "ताई, चलान पेंडिंग आहे. ते क्लिअर झाल्याशिवाय नावावर होणार नाही." पाचशे रुपये, नो पार्किंग, त्याच लग्नाच्या दिवसाचं, दुपारी बारा वाजून पाच मिनिटांचं. शेरा असा की आधी कळवूनही रक्कम भरली नाही आणि प्रकरण न्यायालयाकडे वर्ग केलं.

आधी कळवलं होतं, हे खरं निघालं. एकेक धागा उलगडत गेले तेव्हा समजलं. २०१४ला गाडी घेताना शोरूममध्ये नवऱ्याच्या कंपनीचा मोबाइल नंबर दिला होता. तो निवृत्त झाला, नंबर कंपनीकडे परत गेला, आणि पहिला मेसेज कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊन पडला. दुसरा मेसेज माझ्याच नंबरवर आला होता, कारण मध्यंतरी विम्याच्या वेळी मी तो कुठेतरी दिला होता. पण तेव्हा खोट्या चलानांच्या लिंका पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करणाऱ्यांचा सुळसुळाट होता. वर्तमानपत्रं रोज सांगत होती की अशा लिंकला हात लावू नका. मी तो मेसेज वाचलाही नाही, पुसून टाकला. आणि तिसरी, कागदावरची नोटीस गेली सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या पत्त्यावर. तो वाडा २०१८मध्ये पाडला. तिथे आता सात मजल्यांची इमारत आहे आणि तळमजल्यावर बँक.

पत्ता बदलला की तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं, असं कायद्याचं ४९वं कलम सांगतं. मी कळवलं नव्हतं. ही चूक माझी, आणि ती मी अर्जात पहिल्याच ओळीत लिहिली. पण त्या पाकिटाचा विचार मनातून जात नाही. वाड्यात असताना आमचे पोस्टमन होते ते नावाआधी चाल ओळखायचे. पत्रावर नुसतं आडनाव आणि पेठ असली तरी पत्र जिन्यापाशी पोचायचं. वाडा पाडल्यावरही पहिलं वर्षभर त्यांनी आमची पत्रं शेजारच्या किराणा दुकानात ठेवली होती आणि दुकानदार फोन करायचा. मग तेही निवृत्त झाले. माझी नोटीस 'सदर पत्त्यावर राहत नाहीत' असा शिक्का घेऊन परत गेली. तो शिक्का मी नंतर कोर्टाच्या फाइलमध्ये पाहिला. जांभळा, थोडा तिरका.

सगळे म्हणाले, पाचशे रुपये भर आणि मोकळी हो. मीही भरणार होते. चलानाचा फोटो उघडला तो फक्त गाडी आपलीच आहे ना हे बघायला. आपलीच होती. मागच्या काचेवर झेंडूची माळ स्पष्ट दिसत होती. फोटोत गाडी होती, नंबर होता, फरशीचा थोडा भाग होता. पाटी नव्हती. मग मी लग्नाचा अल्बम काढला. नवरी गाडीतून उतरते आहे, असा एक फोटो आहे, त्यावर वेळ अकरा चाळीसची. तिच्या शालूच्या मागे रस्ता खणलेला दिसतो. मातीचा ढीग, त्याला लागून एक लोखंडी खांब आडवा पडलेला, बुडाशी सिमेंटचा गोळा तसाच चिकटलेला, आणि त्या खांबाची पाटी मातीत तोंड खुपसून. निळ्या रंगाचा एक कोपरा तेवढा दिसतो.

मी तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले. तिथे सम-विषमचा नियम होता, आणि तो नियम सांगणारी पाटी त्या दिवशी जमिनीवर पालथी होती. परगावाहून आलेल्या माणसाने ती कशी वाचायची?

पैसे भरण्याची इच्छा तिथे संपली.

तक्रार नोंदवायची सोय ऑनलाइन आहे, ती मी वापरली. उत्तर आलं की प्रकरण न्यायालयात गेल्यामुळे आता आमच्याकडे काही नाही. मग लोकअदालतीचा निरोप आला. तिथे गेले. एका शाळेसारख्या लांब खोलीत टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलासमोर रांग, आणि माणसं पटापट पैसे भरून निघत होती. माझा नंबर आल्यावर टेबलावरच्या गृहस्थांनी रक्कम सांगितली. मी फोटो पुढे केला. ते म्हणाले, "ताई, इथे मिटवायचं असतं, लढायचं नसतं." ते खरंच होतं. १९८७च्या कायद्याने चालणाऱ्या लोकअदालतीत दोन्ही बाजूंची संमती लागते, आणि एकदा संमती दिली की त्यावर अपील नाही. मी संमती दिली नाही. त्यांनी न रागावता मला नेहमीच्या कोर्टात जायचा रस्ता सांगितला. मागे रांगेत उभा असलेला एक रिक्षावाला म्हणाला, "माझंही चुकीचंच आहे हो, पण आजचा धंदा बुडाला तर पाचशेच्या वर जातं." तो पैसे भरून गेला. अण्णांच्या वेळचा मंडईतला टेंपोवाला मला तिथे पुन्हा भेटला.

शेजारी राहणारे वकील म्हणाले, हे तर सोपं आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायला हवी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४६८वं कलम, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच ५१४. तारखा तपासू, मुदत उलटली असेल तर एका अर्जात सुटशील. शिवाय केंद्रीय नियमांमध्ये २०२१ साली १६७-अ हा नियम आला, त्यात कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असं सांगितलं आहे, तोही तुझ्या प्रकरणात लागतो का बघू. मी त्यांचे आभार मानले आणि सांगितलं की हे मुद्दे शेवटी घेऊ. मला मुदतीवर सुटायचं नव्हतं. पाटी पडलेली होती, एवढं कोणीतरी ऐकावं आणि खरं की खोटं ते सांगावं, असं मला वाटत होतं. ते हट्टाचं वाटेल. अण्णांनाही तेव्हा हट्टीच म्हणत होते.

तेव्हा आणि आता यांतला खरा फरक मला त्या दिवसांत कळला. अण्णांना गुन्हा कळला तेव्हा ते गुन्ह्याच्या जागी उभे होते. कापड तिथेच होतं, पाटी तिथेच होती, हवालदार समोर होता. त्याने पाहिलं, मग तो रागावला, मग दोन महिन्यांनी त्याला विचारल्यावर खरं बोलला. मला माझा गुन्हा कळला तोवर खणलेला रस्ता बुजला होता आणि पाटी उभी राहिली होती. फोटो मात्र तसाच आहे, स्वच्छ, वेळेसकट, कोणाचीही भीड न धरणारा. त्याने जे पाहिलं तेवढंच तो सांगतो. चौकटीच्या बाहेर हातभर अंतरावर काय पडलं होतं ते त्याला विचारता येत नाही. पण तो फोटो काही आपोआप निघाला नव्हता. हातात मशीन घेऊन कोणीतरी अंमलदार त्या मातीच्या ढिगापाशी उभा होता. तो ढीग ओलांडल्याशिवाय गाडीच्या मागे जाताच आलं नसतं. मला तो माणूस हवा होता.

हे मी न्यायाधीशांना असंच सांगितलं, इतक्या शब्दांत नाही, पण सांगितलं. त्या तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. माझ्या अर्जातली पहिली ओळ वाचून म्हणाल्या, पत्ता आता तरी बदललात ना? मी म्हटलं, हो, मोबाइल नंबरही. मग त्यांनी लग्नाचा फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिला, चलानाच्या छापील फोटोशेजारी ठेवला. माळ दोन्हीत तीच आहे का, हे बघितलं. झेंडूची माळ, मध्ये एक आंब्याचं पान उलटं लागलेलं. ते पान दोन्हीकडे होतं. "फोटो कुठल्या अंमलदाराने काढला ते चलानावर असतं. त्यांना पुढच्या तारखेला हजर राहायला सांगा," असं त्या कारकुनाला म्हणाल्या, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. त्या पाच मिनिटांत कोणीतरी दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बाहेरच्या बाकावर येऊन बसले तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

गाडी अजून विकलेली नाही. अंमलदार येतील का, त्यांना तो दिवस आठवेल का, आठवला तर ते काय म्हणतील, हे मला माहीत नाही. रोज शेकडो गाड्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाला एका झेंडूच्या माळेची आठवण असेल, असं धरून चालता येत नाही. पण निदान त्यांना विचारलं जाईल.

एसटी सुटायला वेळ होता म्हणून कोर्टातून मी त्या कार्यालयासमोरच्या रस्त्यावर गेले. रस्ता आता सिमेंटचा झाला आहे. खांब नवा आहे, पाटी चकचकीत निळी, 'सम तारखेस' अशी ठळक अक्षरं, खाली बाणाची खूण. खांबाच्या बुडाशी हात लावून पाहिला, पक्का रोवलेला आहे. तेवढ्यात कॉलेजातला असावा असा एक मुलगा माझ्यापाशी मोटरसायकल लावून उतरला आणि हेल्मेट काढता काढता थांबला.

"काकू, आज तारीख काय आहे?"

"एकोणीस," मी म्हटलं. "विषम आहे. पलीकडे लाव."